नाक तर नाई सोडलं

बाबा,

परवा पुण्यात नातवाने मला त्याच्या मित्रांबरोबर एका हॉटेलात नेलं. लाकडी फळीत बसवलेले पाच बुटके ग्लास आले, पाचांत पाच रंगांची बीअर. मी लिंबू सरबत मागवलं आणि गंमत बघत बसले. एकाला तिच्यात संत्र्याची साल लागली, दुसरा म्हणाला छे, धणे आहेत, तिसऱ्याला कॉफी सापडली. घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, मग भांडायचं. हे सगळं आपणच नुकतं शोधून काढल्याचा थाट होता पोरांचा. मला इतकं हसू आलं की नातवाला वाटलं सरबताचा ठसका लागला. त्याला कुठून सांगू, की त्याचा पणजोबा हाच उद्योग अकोल्यात, जिनिंग फॅक्टरीच्या मागे, कडुनिंबाखाली बसून करत होता, आणि त्याचा निकाल या पोरांपेक्षा लवकर लागायचा.

तुम्ही जिनिंगमध्ये फिटर. रविवारी मशीन बंद, म्हणून दुपारी तीनला तुमची मंडळी जमायची. धारणीच्या गाडीवरचे ड्रायव्हरकाका, तेल्हाऱ्याकडचे पाटील आणि पोलिसातून पेन्शनीत निघालेले जमादार. दारूबंदीचे दिवस होते, पण तिघेही आपापल्या वाटेवरची मोहाची बाटली आणायचे. ड्रायव्हरकाका मेळघाटातली आणत, पाटील डोंगराच्या पायथ्याची, आणि जमादार कुठून आणत ते त्यांनी जन्मात कोणाला सांगितलं नाही. नोकरीत असताना त्यांनी मोहाची मडकी फोडत गावं पालथी घातली होती. कुठल्या गावचं मडकं फोडताना जीव हळहळला, हे पेन्शनीतही त्यांच्या पक्कं लक्षात होतं.

पिऊन झिंगणारी ती बैठक नव्हती हो. कोणाचा आवाज चढला तर तुम्ही त्याला सरळ घरी पाठवत असा. नळावर धुतलेले कप, प्रत्येकात दोन बोटं. ओतणारा सायकलींच्या आडोशाला ओतून आणायचा, म्हणजे कुठला कप कोणाचा हे कळू नये. तुम्ही एक थेंब तळहातावर घ्यायचे, चोळायचे, हुंगायचे, मग घोट जिभेवर फिरवायचे. मग तुम्ही सांगणार, फुलं नीट वाळली नव्हती, किंवा मडकं नवं होतं, किंवा पहिल्या धारेची म्हणून विकली पण आहे दुसरीची. पाटलांच्या गावात त्यांच्या ओसरीवर आपल्याला पाय ठेवता येत नव्हता. इथे तेच पाटील चवाळ्यावर मांडी घालून तुमच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्या रविवारांची किंमत मला पुष्कळ उशिरा कळली.

मग छप्पन साली आपण सगळ्यांनी दीक्षा घेतली. पुढच्या रविवारी तुम्ही नेहमीच्या जागेवर जाऊन बसलात आणि कप पुढे आल्यावर हात जोडलेत. म्हणालात, आता मले पेता येत नाई, शब्द देला हाये. कोणी वाद घातला नाही. ड्रायव्हरकाकांनी तर मान डोलावून तुमचं बरोबर आहे म्हटलं. पण त्याच्या पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. त्याच्याही पुढच्या नाही. त्यांना वाटलं, ज्याने सोडली त्याच्यासमोर बाटली उघडणं बरं दिसत नाही. तुम्ही तीन रविवार घरातच काढलेत. चश्मा पुसायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. शब्द मोडायचा प्रश्नच नव्हता, पण माणसं सुटत होती.

चौथ्या रविवारी आई चुलीपुढे भाकर थापत होती. तुम्ही तिसऱ्यांदा दारापर्यंत जाऊन आलात, तशी ती भाकरीवरची नजर न काढता म्हणाली,

"तोंड सोडलं तुमी. नाक तर नाई सोडलं ना?"

तुम्ही तडक जाऊन वस्तीतल्या जाणत्या माणसांना विचारून आलात. त्यांनी बराच खल केला आणि ठरवलं, की ओठाला लागलं नाही तर शब्द मोडत नाही, मात्र बाटली घराच्या उंबऱ्याच्या आत यायची नाही. तुम्ही स्वतःच आणखी एक नियम जोडलात, घरात पाय ठेवण्याआधी साबणाने हात धुवायचे. मग सायकल काढून तिघांना निरोप पोचवून आलात.

पुढच्या रविवारी त्यांनी तुमची परीक्षा घेतली. नुसत्या नाकाने काय कळणार म्हणून ड्रायव्हरकाकांनी एका कपात आपली आणि पाटलांची निम्मी निम्मी ओतली. तुम्ही थेंब चोळला, हुंगला, पुन्हा हुंगला. मग कप खाली ठेवून म्हणालात, "याच्यात दोन गावं हायेत, अन् दोघायचं जमून नाई राह्यलं." जमादार इतके हसले की त्यांची टोपी मातीत पडली. पाटलांनी तुमच्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी हात धुताना तुम्ही शीळ घालत होता. तुम्हाला शीळ येते हे मला त्या दिवशी कळलं.

पुढची सात-आठ वर्षं असंच चाललं. पिणारे ते तिघे, आणि निकाल न पिणाऱ्याचा. मी तोवर अमरावतीला शाळेत मास्तरीण झाले होते, शनिवारी दुपारच्या गाडीने घरी यायची. एकदा दिवाळीच्या सुमाराला तुम्ही मोठ्या तापातून उठला होता. आई शेजारी गेली होती, तुम्ही चुलीजवळ पेपर वाचत होता आणि तुमच्यापासून हातभर अंतरावर वरण करपून कोळसा झालं होतं. मी अंगणातूनच नाक दाबत आले. तुम्ही वर बघितलंत, माझ्या हाताकडे, मग पातेल्याकडे. इतका घाबरलेला चेहरा मी तुमचा कधी पाहिला नव्हता.

"तापापासून काईच वास येऊन नाई राह्यला, बाई," तुम्ही म्हणालात. "मी पेत नाई. आता वासबी नाई. मंग त्यायच्यात बसून मी करू काय?"

आईला सांगायचं नाही असं तुम्ही मला बजावलंत. मग तुमच्यातला फिटर जागा झाला, एक भाग निकामी झाला की दुसरा बसवायचा. माझे डोळे बांधून तुम्ही दोन वाट्या माझ्या नाकाखाली धरल्यात, एक जवसाच्या तेलाची, एक सरकीच्या. मी बरोबर सांगितलं. वऱ्हाडात ते कोणीही सांगेल, पण तुम्हाला तेवढा पुरावा पुरला. तुमचा चेहरा असा खुलला की मला पुढे बोलवेना. ठरलं असं, की कप धुवायचं आणि भरलेले आणून द्यायचं काम मी घ्यायचं आणि तुमच्या हाती देताना हुंगायचं. उजव्या हाताने दिला तर धारणी, डाव्या हाताने तेल्हारा, दोन्ही हातांनी दिला तर जमादारांचा. बाकीचं तुम्ही रंगावरून आणि तळहातावरच्या थेंबावरून सांभाळून घेणार.

चार वर्षं, बाबा. मी घरी असेन त्या प्रत्येक रविवारी. मी नसेन तेव्हा तुम्हाला नेमकी सर्दी व्हायची. एकदाही चुकला नाहीत. कधी पाटील मुद्दाम हुज्जत घालत, ही माझी नव्हेच म्हणत, आणि तुम्ही त्यांना असं काही गप्प करत की ते कानाला हात लावत. आणि गुपित ठेवायचं म्हणता म्हणता तुम्हालाच राहवेना. शेजारीपाजारी, माझ्या सासरी, दवाखान्यात नर्सलासुद्धा तुम्ही सांगत सुटलात, "माह्या पोरीनं माह्यं नाक घेतलं." शेवटच्या आजारात जमादार भेटायला आले तेव्हाही तेच सांगितलंत. जमादार माझ्याकडे बघून नुसते हो म्हणाले.

पहिल्याच रविवारी मी आडोशाला तीनही कप हुंगले होते. तिन्हींचा एकच वास, डोक्यात जाणारा. मला रडू यायचं बाकी होतं. ड्रायव्हरकाकांनी बुचं लावली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "पयला धारणीचा. मंदातला पाटलाचा. तिसरा जमादाराचा. तुह्या बापाचं नाक गेलं हे आमाले मालूम हाये, तापात भेटाले आलो तवाच समजलं. तू बोलू नोको." त्यानंतर दर रविवारी ते तसंच सांगत गेले, आणि मी उजवा, डावा हात करत गेले. तिघांनी मिळून ठरवलं होतं ते. त्यांना निकाल नको होता हो, बाबा, तुम्ही तिथे बसायला हवे होतात.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. तुमचं नाक मला मिळालं नाही. तुम्ही ते सांगायचात तेव्हा मला फार बरं वाटायचं, म्हणून मी कधी नाही म्हटलं नाही.