तुमच्या हाताच्या मापाची गिअरची मूठ

अहो,

गाडीच्या गिअरला नवी मूठ बसवली आहे. मी स्वतः! शेजारचा मेकॅनिक नुसता बघत उभा होता, विचारा हवं तर. जुनी मूठ पर्समध्ये घालून चार दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे आटे जुळले. दुकानदार म्हणाला, "ताई, ही फार रुंद होईल." म्हटलं, "मशीनने ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली, पण गाडी चालवावी ती ह्यांनीच." माप परवा दुपारी घेतलं. तुम्ही घोरत होतात, हाताखाली कणकेचा गोळा दाबला. हललासुद्धा नाहीत!

किल्ली चिठ्ठीखाली आहे. मी बसने कामावर गेले. संध्याकाळी कामावरच्या फाटकाशी उभी असेन. परतीची बस मी पकडणार नाही.