आधी शेवटचं वावर

आबा, फळ्यांच्या खोलीची किल्ली पंधरा दिवसांपासून माझ्या पिठाच्या डब्यात आहे. माझ्या सासरच्या गावात नदीवर बंधारा झालाय, तुम्ही गेल्यानंतर. पाऊस सरला की त्याच्या मोऱ्यांत लोखंडी फळ्या बसवायच्या, म्हणजे पाणी अडतं आणि काठच्या मोसंबीच्या बागा उन्हाळा काढतात. गावाच्या पाणी समितीची अध्यक्ष मी आहे. जागा बाईची होती, आणि नवरा गेलेली बाई फार भांडायची नाही असं लोकांना वाटलं असावं. यंदा पाऊस लवकर गेला. नदी अजून वाहते आहे आणि मी फळ्या बसवू देत नाही. तुमचा नातू माझ्याशी सरळ बोलत नाही. बाग त्याच्या बापानं लावलेली, एकेक रोप हातानं. दुपारी पानं वळायला लागलीत, तेही मला दिसतं.

झालं असं की बदनापूरला बैठक झाली. नदीच्या वरच्या भागाचे आमदार आणि खालच्या भागाचे आमदार, दोघं दोन पक्षांचे, आजवर भाषणांत एकमेकांचा उद्धार करणारे, त्या दिवशी एका टेबलाशी बसले. टेबलावर दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या रांगेत. खालच्यांनी पिशवीतून आणखी एक काढली, आत नदीचं हिरवट पाणी. "घ्या साहेब, तुमच्याकडून आलंय." वरच्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि नाक न मुरडता म्हणाले, "आमच्याकडून निघालं तव्हा बरं व्हतं. वाटंत त्याची कुणी इचारपूस केली न्हाई वाटतं." सगळे हसले. मग खालच्या गावची सरपंच उठली. तरणी पोर, डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "साहेब, आमच्या नळाला हेच येऊन राह्यलंय." हसणं थांबलं. त्यानंतर दोघं कामाचं बोलले. नदीत सांडपाणी सोडायला बंदी आणि पाणीवाटपाचा नियम, असा कायदा व्हावा म्हणून विधानसभेत दोघं मिळून मागणी करणार. कायदा व्हायचा तेव्हा होईल, तोवर गावांनी ठराव करावा: सगळ्यांत खालचा बंधारा आधी भरू द्यायचा, मगच वरच्यांनी फळ्या टाकायच्या. हात वर करा म्हणाले. आमचं गाव वरच्यांतलं, त्याचा हात म्हणजे माझा. मी केला. बाहेर चहा पिताना आमच्यातलाच एक जण म्हणाला, "ताई, चहा तर आधी आपल्यालाच भेटला. पाणी बी भेटलं असतं."

हा नियम त्या साहेबांनी शोधला असं लोकांना वाटतं. मी तो तुमच्या तोंडून ऐकलेला. तुम्ही पाटकरी, कालव्याचं पाणी पाळीपाळीनं वावरांना द्यायचं तुमचं काम. चारी, म्हणजे कालव्याचा फाटा, सुटली की वरची सगळी दारं लावायची आणि पहिलं पाणी शेवटच्या वावराला, मग एकेक वर यायचं. वरचे शिव्या द्यायचे. तुम्ही म्हणायचात, "वरच्याला उद्या बी भेटंल. शेवटच्याला आज न्हाई भेटलं तर कधीच न्हाई." शेवटचं वावर गावातल्या चाचांचं होतं, त्यात गहू. ते दार उघडं राहिलं त्या दिवशी मी तुमची भाकरी घेऊन आलेली. दहाबारा वर्षांची असेन. तुम्ही जेवून चाचांकडं पाणी पोहोचलं का बघायला गेलात. वरच्या अंगाला मावशीचं वावर. ती बांधावरून म्हणाली, "जरासं दार उचल गं, अर्धा घंटा. बाजारातून तुझ्यासाठी पुस्तक आणलंय." तीर्थपुरीच्या बाजारात रद्दीत मिळालेलं, पुठ्ठा नसलेलं गोष्टींचं पुस्तक. मला शाळेतून काढून वर्ष झालं होतं. पुड्यांचे कागद वाचून वाचून कंटाळले होते. मी दार उचललं आणि बाभळीखाली वाचत बसले. आबा, मला अर्ध्या घंट्याची आठवण राहिली नाही. ऊन उतरलं, पाळी संपली, आणि तुम्ही चारीच्या कडेनं येताना दिसलात. मी पुस्तक भाकरीच्या फडक्यात गुंडाळलं. तुम्ही उघड्या दाराकडं बघत उभे राहिलात. मला काहीच विचारलं नाही. माझ्यावर संशय घ्यायचं तुम्हाला सुचलंच नाही.

चाचांचा अर्धा गहू कोरडा राहिला. त्यांच्या बांधावर तुम्ही टोपी काढून उभे, "दार लावायचं मीच इसरलो," आणि चाचा हसून म्हणतायत, "पाटकरी, बुढ्ढे हो गये तुम." त्यांनी ते तिथंच सोडलं, गावानं सोडलं नाही. लग्नाच्या मांडवातसुद्धा कुणी ना कुणी विचारायचं, "घराचं दार लावलं का पाटकरी?" नोकरी संपेपर्यंत तुम्ही प्रत्येक पाळीला चारी दोनदा चाललात, एकदा दारं लावत, एकदा लावलेली बघत. शेवटी पाय सुजायचे तेव्हाही. तेल मी चोळायचे.

आज सकाळी तुमचा नातू ओट्याशी येऊन उभा राहिला. "आई, किल्ली दे. दोनच मोऱ्यांत टाकतो, थोडं तर थोपंल. कोण मोजायला येतंय?" मी म्हटलं, खालच्या सरपंचबाईचा फोन आला होता, त्यांचं अजून हातभर भरायचं राहिलंय, आठ दिवस थांब. तो म्हणाला, "आठ दिवसांत धार आटली तर? बाबांची बाग हाय ती." मी भाकरी उलटली आणि म्हटलं, "तुझ्या आजोबांनी आयुष्यात कुणाचं पाणी वर वळू दिलं न्हाई." त्यावर तो जरासं हसला. "आजोबांचं नको सांगू. ते तर दारच लावायचं इसरले व्हते. बाबाच सांगायचे."

दार तुम्ही लावलं होतं, आबा. मी उघडलं. त्या पुस्तकानं मला वाचनाची गोडी लागली, त्यानंतर हाती लागेल ते वाचलं, आणि लोक आता मला चार बुकं वाचलेली बाई म्हणून समितीत बसवतात. बैठकीत मी हात वर केला तेव्हा बाग डोळ्यांपुढं नव्हती. चाचांचा गहू होता. तुम्हाला लिहिलेले हे कागद त्याच पुस्तकात ठेवते. किल्लीही तिथंच ठेवीन म्हणते, पिठाच्या डब्यात तो एखाद्या दिवशी हात घालेल, या पुस्तकाला माझ्याशिवाय कुणी शिवत नाही. आज तो तुमच्यावर हसला तेव्हा सांगायला हवं होतं. भाकरी करपतेय असं म्हणून मी तव्याकडं वळले.