उभ्या यंत्राची खोळ

अप्पा,

काल माझ्या जुन्या कॉलेजातून फोन आला, म्हणून हे लिहिते आहे. तिथले जुने संगणक व्हरांड्यात मांडून ठेवणार आहेत आणि प्रत्येकाखालची पाटी मी लिहून द्यायची आहे. सोबत एक खाकी खोळ सापडली. "ही कुणी शिवली, मॅडम?" फोनवरच्या मुलीने सहज विचारलं. उत्तर दोन शब्दांचं होतं. मी "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला.

ऐंशीनंतरची ती वर्षं. माझी नोकरी तात्पुरती, प्रयोगशाळेत मी एकटी बाई. धुळीसाठी खोळी हव्या होत्या. कॅम्पात पलटणीचे गणवेश शिवणारा एक शिंपी मला ठाऊक आहे, एवढंच मी विभागप्रमुखांना सांगितलं. तो माझा बाप आहे हे सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात, "अंग बघितल्याबिगर मी कापड कापत न्हाई." मी म्हटलं, "बाहेरच्यांना आत सोडत नाहीत." मापं मीच आणली, इंचाइंचाने बरोबर. खोळ इतकी चपखल बसली की यंत्राच्या पाठीची जाळी बंद झाली, गरम हवा आत कोंडली आणि चालू यंत्र बंद पडलं. "मॅडम, याला रजई कशाला?" विभागप्रमुख सगळ्यांदेखत म्हणाले. मला कायम करायचं की नाही, ते त्याच महिन्यात ठरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सायकलवरून आलात, गळ्यात टेप. मी तुम्हाला फाटकाबाहेर चिंचेखाली उभं केलं.

"केवढं हाय ते सांगितलंस. काम किती करतंय आनि कुणासाठी, ते कुठं सांगितलंस? ड्रायव्हर आनि आचारी एकाच उंचीचं असत्यात. पर ड्रायव्हरची पँट बैठकीत सैल लागती आनि आचाऱ्याची बाही आखूड. व्हय का न्हाई?"

मग मी सांगितलं. आमचा संगणक मधल्या आकाराचा, मिनी म्हणतात तो; कपाटाएवढा, उभा. आठ-दहा मुलं एकाच वेळी त्याच्याकडून काम करून घेतात, म्हणून तो दिवसभर बंद होत नाही. टेबलावरचे दोन छोटे, एका वेळी एकाचेच, संध्याकाळी बंद. याहून मोठा मेनफ्रेम बेंगळुरात, शेकडो लोकांचं काम उपसणारा, त्याला स्वतःची थंड खोली. सगळ्यांत वरचा महासंगणक, हवामानासारखी अवाढव्य गणितं सोडवणारा. तो मीही फक्त पुस्तकात पाहिला होता.

"मोठ्याला खोलीच कोट झाली की गं," तुम्ही हसलात. "धाकट्यास्नी उशीवानी अभ्रा बास. मधला लई अवघड, काम करता करताच पांघरनार. वारा कुठनं घेतोय?"

मी आत धावले, बघून आले. "खालनं."

"आनि सोडतोय कुठनं?"

पुन्हा आत. अशा चार खेपा झाल्या.

आठवड्याने तुम्ही नवी खोळ घेऊन आलात. पाठीला गुंडाळून वर बांधायचा पडदा, खाली चार बोटं मोकळी. विभागप्रमुखांनी ती उलटसुलट पाहिली. "झकास! बोलवा की त्या शिंप्याला आत. यंत्र तरी बघू दे."

"गेले ते, सर," मी म्हटलं.

तुम्ही चिंचेखाली शेंगा खात थांबला होता. सायकल हातात धरून परत चालताना एवढंच विचारलंत, "रंग कसला हाय गं त्याचा?" मी म्हटलं, राखाडी.

मला कायम केलं. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर तुमचे तीन प्रश्न लिहीत राहिले: केवढा, काम किती, कुणासाठी. कपाटाएवढ्याचं काम आता मुलांच्या खिशातला फोन करतो, पण ते प्रश्न अजून चालतात. फोनवरची ती मुलगी माझीच विद्यार्थिनी, खानापूरकडची. आमच्याच कॉलेजात नोकरीला लागली त्या पहिल्याच दिवशी तिने शेतावरून आलेल्या वडिलांना चिखलाच्या चपलांसकट प्रयोगशाळेत आणून खुर्चीवर बसवलं होतं. मी चपलांवरून तिला चांगलंच झापलं. झापताना मला बरं वाटत होतं, हे तिला कळू दिलं नाही.

कुणाला आत सोडायचं नाही असा नियम कधीच नव्हता, अप्पा.

आज सकाळी कॉलेजात देऊन आले: यंत्रांच्या पाट्या तीन. खोळीची पाटी एक. तिच्यावर 'शिवणारे: माझे वडील, कॅम्पातले शिंपी. यंत्र न पाहता शिवली' असं लिहिलं होतं. देण्याआधी शेवटचं वाक्य खोडून 'यंत्र मी त्यांना पाहू दिलं नाही' असं केलं.