काळा टॅब, राखाडी टॅब

६ मार्च, गुरुवार

दोन टॅब नमुन्याला आले. एक काळा, पातळ, देखणा. दुसरा राखाडी, कडांना जाड रबर, हातात घेतला की मनगट वाकतं. महिनाभर दोन्ही गोठ्यांत वापरून कुठला घ्यायचा त्याचा अहवाल मी द्यायचा. दूध संघाच्या नऊ कृत्रिम रेतन सेवकांना पुढची काही वर्षं तोच वापरावा लागणार.

संघाच्या पशुवैद्यकीय विभागाचे प्रमुख डॉ. शिंदे म्हणाले, "काळ्याचं जवळपास ठरलंय. तू फक्त वापरून बघ आणि लिही."

ठरलंय तर मी काय बघू, असं विचारलं.

"साळवे, कॉलेजातही तू पास झाल्यावर पेपर परत तपासायला टाकायचीस."

ते हसले, मी नाही. व्हेटर्नरीला एका वर्गातले म्हणून मला अगंतुगं, आणि चारचौघांत मी त्यांना साहेब म्हणायचं. हा राग टॅबवर काढायचा नाही. आजच लिहून ठेवते.

८ मार्च, शनि.

कर्जतच्या शीतकरण केंद्रावर सेवकांची मीटिंग. दोन्ही टॅब दाखवले. राखाडी गाईजवळ उभं राहूनच भरावा लागतो. जागा नि वेळ आपोआप घेतो, नंतर घरी बसून भरता येत नाही. काळ्यात संध्याकाळी सावकाश भरता येतं. एवढं सांगेपर्यंत खोलीत कोणी माझ्याकडे बघेना.

पोपटराव उठले. सव्वीस वर्षं गाई भरवतायत, म्हणजे रेतन करतायत, बाकीचे आठ त्यांच्या तोंडाकडे बघून बोलतात.

"त्यापरीस आमच्या गळ्यात घंटा बांधा की मॅडम. कुठं हाय, कुठं न्हाई, वाजत ऱ्हाईल."

हशा.

"आन एक हात गाईत, दुसऱ्या हातात रेताची कांडी. टॅब काय दातात धरू?"

हात धुऊन मग भरा, म्हटलं.

"पानी तुमी आना."

दातांचा प्रश्न रास्त होता. विचारण्याची रीत नव्हती. पण रीत आवडली नाही म्हणून प्रश्नच टाळला, हे माझं चुकलं.

१० मार्च, सोम.

राशीन रस्त्याला सुमनबाईंचा गोठा. सात गाई. नवरा ट्रकवर, सगळं एकटी बघते. राखाडीचं चार्जिंग दुसऱ्याच गोठ्यावर संपलं होतं. रात्री लावायला मीच विसरले होते. म्हणून काळा काढला. उन्हात नुसता आरसा. माझं तोंड दिसतं, आकडे नाहीत. ओलं बोट चालत नाही, आणि गोठ्यात कोरडं बोट कुठून आणायचं.

मग सगळे करतात तेच केलं. कानातल्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. सेवक त्यातले शेवटचे तीन मनगटावर पेनाने लिहितात आणि घरी जाऊन वहीत भरतात. मीही तीन-तीन आकडे लिहिले, गाई गाभण की खाली ते तपासलं, संध्याकाळी चहा घेत संघाच्या रेकॉर्डला नोंदी भरल्या. दहा मिनिटांत झालं. सोपं आहे, हे कबूल करायला हवं.

१७ मार्च, सोम.

सेवकांच्या ग्रुपवर गळ्यात टॅब अडकवलेल्या म्हशीचं चित्र. खाली कोणीतरी, "मॅडमची हजेरी लागली." पोपटरावांचा अंगठा.

पोपटराव शीतकरण केंद्रावर भेटले तेव्हा विचारलं, तुम्हाला खरंच कुठला हवा?

"काळाच. ऊन पडलं की दिसत न्हाई. लई चांगला हाय."

लपवाछपवी नाही, एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं. वाईट टॅब हवाय, कारण वाईट टॅब असला की मनगट चालू राहतं. वरून शिंदेंना काळा, खालून यांना काळा. मधे मी.

२९ मार्च, शनि.

अहवालाचा कच्चा खर्डा. राखाडी घ्यावा. कारणं लिहिली: ऊन, ओला हात, पडल्यावर फुटत नाही, नोंद जागेवर. चौथं कारण तीनदा खोडलं. जागेवरची नोंद मला गाईंसाठी हवीय की पोपटराव नऊ वाजता कुठे उभे असतात ते कळावं म्हणून? दोन्ही. किती कशासाठी, सांगता येत नाही.

८ एप्रिल, मंगळ.

फोन आला, सुमनबाईंची गाय गाभडली, गर्भ पडला. तीन महिन्यांची गाभण. मागच्या बुधवारी पोपटरावांनी तिलाच भरवली. गाभण गाय कधीकधी खोटा माज दाखवते, अशा वेळी कांडी आत गेली की संपलं.

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. माझ्या अहवालाला पुरावा मिळाला, आणि तोही पोपटरावांकडून. लिहिताना किळस येते. तरी खोडत नाही.

९ एप्रिल, बुध.

पोपटरावांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. शिंदे म्हणाले, "कटकट गेली. तुलाही त्रास होता त्याचा. यात टॅबचा संबंध नाही, माणसाचा आहे. काळ्यावर सही कर, मोकळी हो."

पोपटरावांचं म्हणणं त्यांनी उडत-उडत सांगितलं: रेकॉर्डला गाय खाली दाखवत होती. आत्तापर्यंत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. रेकॉर्ड उघडलं.

फेब्रुवारी: गाभण. तपासणी, डॉ. साळवे. बरोबर, मीच सांगितलं होतं.

१० मार्च: खाली. तपासणी, डॉ. साळवे.

सुमनबाईंच्या गोठ्यात दोन गाई आहेत ज्यांच्या बिल्ल्याचे शेवटचे तीन आकडे सारखे. एक घरची, एक नेवाशाच्या बाजारातून आणलेली. बाजारातली मी तपासली होती, ती खाली होती. संध्याकाळी यादीत तीन आकडे टाकले, पहिलं नाव आलं, दाबलं. ती घरची होती. दुसरं नाव त्याच्या पुढच्या ओळीत होतं, स्क्रीन वर सरकवली असती तर दिसलं असतं.

चहा घेत होते.

१० एप्रिल, गुरु.

पोपटरावांनी हात घालून बघायला हवं होतं. भरवण्याआधी तपासायचं, हा नियमच आहे. त्यांनी तपासलं असतं तर माझी चूक तिथेच सापडली असती. यात खोटं काही नाही. पण सकाळपासून हेच वाक्य मी सात-आठ वेळा मनात म्हटलंय. इतक्यांदा म्हणावं लागतं त्या अर्थी त्याच्यावर माझाच विश्वास नाही.

१३ एप्रिल, रवि.

आमचे हे शनिवारी नागापूरहून आले. कारखान्यात तपासणी विभागात आहेत, चुका शोधणं हाच धंदा. सगळं सांगितलं. म्हणाले, "तुला कोणी विचारलं का?"

नाही.

"मग?"

त्यानंतर जेवताना दुसराच विषय. आज झावळ्यांचा रविवार, चर्चमध्ये झावळ्या घेऊन उभी होते तेव्हाही ते "मग?" ऐकू येत होतं. पोपटरावांना दोन मुली आहेत, धाकटी कॉलेजला. हे मला माहीत असायचं कारण नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नाही. शुक्रवारी मी मुद्दाम चौकशी केली. का केली? अपराधी वाटावं म्हणून?

१५ एप्रिल, मंगळ.

अहवाल दिला. राखाडी घ्यावा. चौथं कारण: दहा मार्चला काळ्या टॅबमध्ये घरी बसून नोंद भरताना मी, डॉ. साळवे, चुकीची गाय निवडली, सेवकाने ती नोंद खरी धरली, गाय गाभडली. पूर्वतपासणी न करण्याची चूक सेवकाची, मूळ चूक माझी. राखाडी त्या दिवशी मी चार्ज केला नव्हता, तेही लिहिलं.

शिंदेंनी दोनदा वाचलं. "तुझं नाव कशाला? 'नोंदीतील चूक' एवढं पुरे."

मग ती पोपटरावांची होते, म्हटलं.

"होऊ दे की. तो तुला काय चहाला बोलावणार आहे?" मग आवाज खाली आणून, "डॉक्टरलाच जमलं नाही म्हटल्यावर संचालक दोन्ही टॅब फेकून देतील. पाच वर्षं परत वह्या. तुला हेच हवंय का?"

हे मला सुचलं नव्हतं. खरंही असेल. खरं बोलल्याने राखाडी रद्द होणार असेल तर आणखी किती गाई... वाक्य पुरं करता येत नाही.

अहवाल त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. मी बाहेर येऊन दुसरी प्रत आवक खिडकीवर दिली, नंबर घेतला. बावीसला संचालकांची बैठक. उद्यापासून शिंदे माझ्याशी कसे वागतील ते दिसतंय. आजच त्यांनी चहा एकट्यापुरता मागवला.

१७ एप्रिल, गुरु.

पोपटरावांच्या घरी गेले. कुट्टीच्या यंत्रावर कडबा कापत होते. बसा म्हणाले नाहीत. उभ्यानेच सांगितलं.

यंत्र बंद केलं. "मंग? आता म्या हात जोडू तुमाला?"

नाही, म्हटलं.

"गावात मला काय म्हनत्यात ठावं हाय? गाभन गाय भरवनारा. सव्वीस वर्सं गेली, आता ह्येच नाव ऱ्हायलं."

मी म्हणाले, हात घालून बघायला हवं होतं तुम्ही. तिथे उभी राहून हे म्हणाले. गरज होती का? होती असं तेव्हा वाटलं.

हातातली पेंढी खाली ठेवली. मग, "व्हय. घालाया पायजे हुता. तेवढं माजं. बाकीचं तुमचं, ते तुमी न्या."

बाकीचं लिहून दिलंय, म्हटलं.

"लिवून दिलं, झालं तुमचं. सुमनबाईला सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. अहवाल शिंदेंना, प्रत आवकेला, खुलासा यांना. जिची गाय तिला नाही. आठवलंसुद्धा नव्हतं.

यंत्र परत चालू केलं त्यांनी.

१९ एप्रिल, शनि. सकाळचे अकरा

सुमनबाईंच्या गोठ्याबाहेर गाडीत बसून लिहितेय.

आत जाऊन सगळं सांगितलं. ती शेण भरत होती, थांबली नाही. घमेलं उकिरड्यावर टाकून आली आणि मग बोलली.

"म्या म्हनलं हुतं पोपटरावांला, गाभन हाय ती. माज्या हातची गाय, मला कळत न्हाई व्हय? त्यांनी मोबाईल म्होरं धरला. डाक्टरीनबाईनं खाली लिवलंय म्हनाले. तवा मीच गप बसले. म्हनलं, शिकल्याली बाई हाय, माजंच चुकलं आसंल. धा-बारा दिस झालं, ग्वाठ्यात आले की सोताला शिव्या देती."

मी माफी मागितली.

तिने बाजारातल्या गाईकडे हात केला. पहाटेपासून हंबरतेय, चिकट स्रावाचा सोट पडलाय, खरा माज. सामान गाडीत आहे, मी म्हणाले, मीच भरवते.

"तुमी नगं."

पोपटराव घरी बसलेत, हे सांगितलं.

"कुनी बसिवलं? त्यांलाच धाडा. हात घालून बघत्याल आता."

दुसरा सेवक येईल, उद्या. माज उद्यापर्यंत टिकणार नाही, मग पुढचे एकवीस दिवस थांबायचं. हे तिलाही कळतं. पोपटरावांना कामावर बोलवायचा अधिकार मला नाही, तो शिंदेंचा. शिंदेंना फोन लावला, कट केला त्यांनी. पोपटरावांना लावला. पूर्ण वाजला. परत लावला.

गाय अजून हंबरतेय. सुमनबाई दारात उभी आहे, माझ्याकडे बघत नाही, रस्त्याकडे बघतेय.