अख्खी सुपारी

प्रिय वृषाली,

आजीच्या सावडण्याला तू आलीस, अंगणातल्या नळावर पाय धुतलेस आणि उंबरा न ओलांडता तशीच पुण्याला गेलीस. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. फोनवर माझं धड बोलणं होत नाही, पलीकडून तुमच्या तालमीचा आवाज येतो आणि मी जेवलीस का एवढंच विचारून ठेवून देते. मॅट्रिकपर्यंत शिकले ते आज कामाला लावते. एकादशी आहे, स्वयंपाकाचा पसारा नाही, हरिपाठही झाला.

दहाव्याचं तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या आजीनं दोन वर्षांपूर्वीच मला बजावलं होतं. शेजारच्या सोनीबाईच्या दहाव्याला मोबाईलवर अभंग लावले होते, तेव्हा ऐन पिंडाच्या वेळी मध्येच पाण्याच्या मोटारीची जाहिरात लागली. घाटावर बायकांनी तोंडाला पदर लावले. आजी घरी येऊन म्हणाली, "मंगल, माझ्या टायमाला मोटार नको विकू. जित्या माणसाच्या दमातलं वाजव." मी हो म्हटलं. खडीसाखरही मोजून वाटणारी मी, पण त्या शब्दापासून मागे हटले नाही.

जित्या माणसाच्या दमातलं म्हणजे आजीच्या मनात कोण होतं, ते तुलाही कळेल. आळे गावचे भिमाजी मास्तर. तुला क्लॅरोनेट शिकवलं म्हणून सहा वर्षांपूर्वी तुझ्या दादांनी ज्यांना अंगणातून परत पाठवलं, तेच. बाप असून दादांनी त्या दिवशी तुझं क्लॅरोनेट गोठ्याच्या पत्र्यावर फेकलं आणि वरातीपुढं वाजवणारी पोरगी आमच्या घरातली नाही म्हणाले. तू पिशवी उचललीस. मी भाकरी थापत होते, वृषाली, आणि थापतच राहिले. ते मला अजून बोचतं.

तर मी दादांना न विचारता आळ्याला गेले. मास्तर आता वाकलेत, समोरचे दोन दात बसवलेले आहेत. मला वाटलं नाही म्हणतील. त्यांनी फक्त, दादाभाऊंना माहीत आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, घाटावर कळेल.

घाटावर कळलं. मास्तरांना पाहून दादांचा चेहरा उतरला, पण चारचौघांत, तेही आईच्या पिंडापुढं, काय बोलणार. मास्तर मीना नदीच्या पाण्याकडे तोंड करून उभे राहिले आणि आजी जात्यावर म्हणायची ना, ती चाल त्यांनी लावली. तीच, तू रियाजाला पहिल्यांदा वाजवलेली. पुढाऱ्यांची भाषणं व्हायची होती, तेही खाली बसले. कावळा कधी आला आणि शिवून गेला, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. गुरुजींनीच सांगितलं, झालं म्हणून. म्हणजे बघ, कुणाला आजीपुढं हात जोडून काही कबूल करायची वेळच आली नाही.

तरीही तुझे दादा आपणहून मास्तरांकडे गेले. मी मागेच होते. वर्षश्राद्धालाही तुम्हीच या, म्हणाले. मास्तर वाद्य पुसत होते. म्हणाले, "माझा दम संपला, पावणं. माझ्यापेक्षा लई चांगली वाजवणारी एक हाय. पण सुपारीबिगर कलावंत येत न्हाई, आन ती सुपारी ज्यानं दार लावलं त्यानंच द्यायची." पुढे दहा महिने दादांनी त्याचं नाव काढलं नाही. मीही विषय काढला नाही. फक्त एवढं बघत होते की गोठ्याच्या पत्र्याला पडलेला पोचा त्यांनी शिडी लावून आतून ठोकून सरळ केला. पत्रा काही गळत नव्हता.

काल दादा बाजारात गेले ते कागदात गुंडाळून एक पुडी घेऊन आले आणि देव्हाऱ्यापुढं ठेवली. उघडून बघते तर कातरलेली, गोड वासाची सुपारी, जेवणानंतर खातात ती. जन्मात कधी वाजवणाऱ्याला बोलावलं असतं तर माहीत असतं ना. मी म्हटलं, ही चघळायची आहे, बोलावणं अख्ख्या सुपारीनं करतात. वाटलं, आता चिडतील. ते पुन्हा चपला घालून निघाले. नारायणगावापर्यंत दुसरी खेप, गुडघा दुखत असताना.

वाण्यानं आज सकाळी मला सांगितलं. दादा दुकानात शिरले आणि मोठ्यानं म्हणाले, सुपारी द्यायची आहे. टीव्ही बघून बघून लोकांच्या डोक्यात भलतंच असतं. गिऱ्हाइकं बाजूला सरकली आणि वाणी बिचकून म्हणाला, कुणाची? तेव्हा तुझे दादा भरल्या दुकानात म्हणाले, "माझ्या पोरीला. वृषालीला. ती वाजवते."

ती सुपारी या पाकिटात घातली आहे. हळद-कुंकू मी लावलं, पण सुपारी त्यांचीच. माघ वद्य पंचमी, सकाळी नऊ वाजता, मीनेचा घाट. वाद्य घेऊन ये आणि या खेपेला पाय धुऊन आत ये.

तुझीच,
या वेळी भाकरी टाकून पुढच्या ओळीत बसणारी,
आई