डाव्या कमानीचा पाटा

धाकलू,

शेटच्या शर्यतीच्या मोटारीची पुढच्या डाव्या चाकावरची कमान, गाडीचे धक्के झेलणारी, मी आज उघडली. उजवीत पोलादाचे सात पाटे, डावीत सहाच. सातवा तुझ्या खाटेखाली गोणपाटात मिळाला, मोडलेला. चाकांच्या कडेनं सूत ताणून बघितलं, तर डावं चाक बोटभर बाहेर फाकलंय. म्हणजे मी नसताना तू मोटार फिरवलीस आणि खड्ड्यात घातलीस. काल गाडी डावीकडं कललेली दिसली म्हणून विचारलं तवा माझ्या तोंडावर म्हणालास, "दादा, मी हात पण लावला नाय."

पाटा मोडला त्याचं मला काय नाय. पण परवा शेट लेकीला शेजारी बसवून ह्याच गाडीनं घाट चढणार हायेत. वळणावर गाडी डावीकडं ओढली असती, आणि तिकडं दरी हाय. ते ठाऊक असून तू दोन दिस जेवलास, झोपलास, गप राहिलास.

मी कर्जतला लोहाराकडं चाललोय, पाटा घडवून आणतो. आल्यावर चाक सरळ करीन. कुणी गाडी हलवू नये म्हणून स्टेरिंगचा दांडा काढून संगं नेलाय.

शेट आले तर सांग, जयवंतानं गाडी खड्ड्यात घातली. एवढं खोटं तुला जड जायचं नाय.

जयवंता