उशिरा पोचणारा आवाज

दि. ६ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या खाणीवर फोन लागत नाही आणि टपाल आठवड्याच्या ट्रकवर, त्यामुळे तुझ्यावर रागवायचं तरी आधीपासून ठरवून रागवावं लागतं. मी बरी आहे. दुकानात दिवसभर लोकांच्या चष्म्यांना काचा बसवते आणि घरी येऊन बाबांच्या कॉम्प्युटरकडे बघत बसते.

बाबांची मान आता उशीच्या आधाराशिवाय राहत नाही. हात तर गेलेच. डोळे तेवढे शाबूत आहेत. ते पडद्यावरच्या अक्षरांकडे बघतात, कॅमेरा नजर टिपतो आणि तो प्रोग्रॅम त्यांच्याच आवाजात बोलतो. आवाज जायच्या आधी तू हट्टाने रेकॉर्ड करून घेतलास, ते बरं केलंस. पण वाक्य पुरं झाल्यावर आवाज यायला इतका वेळ लागतो, की समोरचा माणूस दुसऱ्याच विषयावर गेलेला असतो. काल शेजारचे काका सुनेच्या ऑपरेशनचं सांगत होते आणि मध्येच बाबांचा आवाज खणखणीत आला, छान झालं. ते आधीच्या गोष्टीला होतं. काका चहा अर्धा टाकून गेले.

जन्मभर बाजारात लिलाव पुकारलेला माणूस. त्यांच्या तोंडापुढे व्यापाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत मिळायची नाही. आता ते बोलायचंच टाळतात. नवं मशीन आणावं तर प्रोग्रॅम दुसरीकडे उघडत नाही, आणि तो बनवणारी कंपनी बंद पडलेली. आहे तेच मशीन पळवता येईल का, ते कळव.

उत्तराला उशीर झाला तरी चालेल, मायेला नको.
तुझी ताई

दि. १६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पळवता येईल. प्रोसेसरला ठरवून दिलेल्या वेगाच्या वर थोडी जागा असते. ती वापरण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि आपला प्रोसेसर ते करू देणाऱ्यांतला आहे. पण वेग वाढला की उष्णता वाढते. म्हणून आधी थंडाव्याचं बघायचं, मग वेगाचं.

आमच्या कंट्रोल रूममधल्या मोडीत निघालेल्या मशीनचा मोठा हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा भाग, ट्रकने पाठवतोय. दोन पंख्यांचं धूड आहे, घाबरू नकोस. आधी बाबांच्या आवाजाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घे. मग डब्यातली धूळ काढ, जुना हीटसिंक उतरव, त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली वाळलेली पेस्ट स्पिरिटने पूस आणि नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढीच लाव. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. चष्म्याचे बारीक स्क्रू बसवणारीला मी काय शिकवणार? हवा पुढून आत, मागून बाहेर, एवढं मात्र बघ.

मशीन सुरू होताना डिलीट दाबलंस की सेटिंगचा पडदा येतो. त्यात मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, एका घराने वाढव. मग मी मागे त्या मशीनवर ठेवलेला चाचणीचा प्रोग्रॅम पूर्ण चालू दे आणि तापमानावर नजर ठेव. ऐंशी अंशांच्या आत राहिलं तरच पुढचं घर. त्याच्या वर गेलं किंवा मशीन अडखळलं, तर एक घर मागे ये आणि तिथेच राहा. व्होल्टेजला हात लावू नकोस. आणि घाई करू नकोस, हे बाबांच्या मुलीला सांगणं अवघड आहे.

बाबांना साष्टांग नमस्कार. आमची आठवण तुमच्या घरात जागी राहू द्या.
तुझा खटपट्या

दि. ३ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

मशीन बंद पडलंय. पंखे फिरतात, पडदा काळा.

सगळं तू लिहिलंस तसंच केलं होतं. धूळ इतकी निघाली की मलाच शिंका आल्या. हीटसिंक नीट बसला, पहिली घरं सुरळीत गेली, आवाज चक्क लवकर येऊ लागला. तापमान ऐंशीच्या खूप खाली होतं. म्हणून मी चाचणी अर्धवट सोडून पुढचं घर घेतलं, आणि तिथेच सगळं थांबलं.

आता मी पुठ्ठ्यावरची अक्षरं एकेक करून वाचते आणि हवं ते आलं की बाबा पापणी मिटतात. पाणी हवंय एवढं कळायला पाणी द्यायची वेळ टळून जाते. पहिल्या दिवशी त्यांनी एकच विचारलं, माझा आवाज गेला का. मी म्हटलं, प्रत आहे, खटपट्या येईल सगळं ठीक करायला. त्यांनी डोळे मिटले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. झोपले नव्हते. रोज येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या की त्यांना थोडं एकटं राहू दे.

मला लिहायला आणखी काही सुचत नाही. लवकर कळव. माया राहू दे.
ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ट्रक उभा आहे, म्हणून थोडक्यात. काही जळलेलं नाही. न झेपणारा वेग मिळाल्यामुळे ते उठत नाहीये, एवढंच. मशीनची पिन काढ. आतल्या मोठ्या पाटीवर घड्याळात असतो तसा गोल सेल आहे, तो काढ, थोडा वेळ थांब आणि परत बसव. सगळी सेटिंग मूळ जागी येतील. मग पहिल्यापासून सुरू कर आणि या वेळी बंद पडलं त्याच्या दोन घरं आधीच थांब.

तुझी चूक नाही. मीही असाच एक घर पुढे गेलो असतो.
खटपट्या

दि. २५ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

चालू झालं. दोन घरं खाली ठेवलंय, चाचणी दिवसभर चालवली, तापमान सत्तरच्या आसपास. पंख्यांचा आवाज खोलीभर असतो, पण बाबांचं बोलणं आता वेळेवर येतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझ्या वाक्याच्या मध्येच तोडलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. काकांची माफी मागून झाली, त्यांच्याशी दोन तास गप्पा झाल्या, काका हरून घरी गेले.

आता दुसरं. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. श्वास कमी पडतोय, गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावावं लागेल, असं त्या मला बाहेरच्या खोलीत हळू आवाजात सांगत होत्या. आतून बाबा म्हणाले की ज्याच्या गळ्याचा प्रश्न आहे त्याच्यासमोर बोला. मग त्यांनी विचारलं, डोळे किती दिवस राहतील. बाईंनी खरं ते सांगितलं, की पुढे तेही थकतील. बाबा म्हणाले, मग भोक नको. नजर गेल्यावर मी आत आणि सगळे बाहेर, असं मला जगायचं नाही.

त्यांना वेग नसता तर बाई तोवर जिना उतरल्या असत्या. तसंच झालं असतं तर बरं, असं मनात येतं आणि माझीच मला लाज वाटते.

तू काय म्हणतोस ते कळव. आम्हा दोघांवर जीव असू दे.
ताई

दि. ५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लगेच काही ठरवू नका. वेग वाढवलेला प्रोसेसर प्रत्येक वेळी बंदच पडतो असं नाही. कधी चालू राहतो आणि गणित चुकवतो. हवं निवडलं असेल आणि नको आलं असेल. मशीन मूळ वेगावर आण आणि त्यांना पुन्हा विचार. तोवर बाईंना थांबायला सांग.

मी इथे रोज दुसऱ्यांची मशीनं सांभाळतो. आपल्या घरचं मशीन चुकत नाही याची खात्री झाल्याशिवाय मी बाबांचा नकार मान्य करणार नाही.
खटपट्या

दि. १७ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

मूळ वेगावर आणलं आणि विचारलं. उत्तर यायला फार वेळ लागला. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत उभी होते. तेच उत्तर आलं. मग पुठ्ठा घेतला, अक्षरं वाचली, त्यांनी पापणी मिटून तेच सांगितलं.

मशीन का मंदावलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, मशीन ठीक आहे, पोरगा घाबरलाय. त्याला म्हणावं ट्रकवर बस.

वेग पुन्हा वाढवलाय. तू ये. प्रत्यक्ष भेटीवर माया तोलू.
ताई

दि. २० एप्रिल

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

खाणीवर सुखरूप पोचलास हे ट्रकने आलेल्या चिठ्ठीवरून कळलं. घर फार शांत आहे.

बाबांच्या त्या शेवटच्या दिवशी त्यांनी बोलायचं मशीन बंद करायला सांगितलं आणि तू मुकाट्याने बटण दाबलंस, तेव्हा मी त्यांच्यासमोर तुला नको ते बोलले. मला वाटलं, तू त्यांचं तोंड बंद केलंस. त्यांचं शेवटचं वाक्य मी पंख्यांच्या घरघरीत ऐकलंच नव्हतं. ते तू नंतर सांगितलंस, की आता तुम्ही बोला, मी ऐकतो. त्यांना पंख्यांचा आवाज मध्ये नको होता.

आणि आपल्याला बोलायला काही सुचेना. जन्मभर बाबाच बोलत आलेले. मग तू म्हणालास की बाथरूमचा नळ गळतोय, वायसर बदलायला हवा. मी म्हटलं वायसर नवाच आहे, नळच झिजलाय. तू मला वेड्यात काढलंस, मी तुझ्या सगळ्या फसलेल्या दुरुस्त्या मोजून दाखवल्या. बाबांचे डोळे तुझ्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तुझ्याकडे फिरत होते, बोली लावणाऱ्यांवर फिरायचे तसे. मी नळावरच अडून बसले होते, तेव्हा ते फिरायचे थांबले. आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. वाद पुढे चालूच होता.

किती वेळ, ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर मला सांगू नकोस.

काल प्लंबर येऊन गेला. वायसरच होता. आपला जीव जप, आणि माझ्यावरचा लोभ भांडून का होईना, टिकव.

तुझी ताई